बांधाचा खर्च

कूळ संघाची वही अकरा वर्षं माझ्याकडे आहे.
चिखलाच्या होड्या, इतक्या.
चिरे, इतके.
मानशीच्या दाराला नवी फळी,
आणि मजुरांचा चहा, जो दरवर्षी कुणाला तरी जास्त वाटतो.
शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं,
माझा स्वतःचा हिशेब:
चौसष्ट. एकवीस.
आणि आज बांबोळीहून आणलेला कागद म्हणतो, सात.

दहाच्या वर हवं.

डायलिसिसच्या दिवसांत दिली होती मला
हिपॅटायटिस बीची लस, दुप्पट मात्रेची, चार वेळा.
सिस्टर ओर्लांदिना म्हणायची,
माडाच्या मुळाशी मीठ घालतात ना, तसं समज,
लागलं तर लागलं.
लागलं. चौसष्ट.
पेढे वाटावेत की काय, असं वाटलं होतं.

मग सुकांतीनं मूत्रपिंड दिलं.
धाकटी बहीण. सावर्ड्याहून आली, पोरांना सासूकडे ठेवून,
आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री माझ्याशी भांडली
आईच्या शिलाई मशीनवरून.
ते अजून मिटलेलं नाही.

तेव्हापासून सकाळी आठ, रात्री आठ.
गोळ्या काय करतात ते डॉक्टर नाग्वेंकरांनी समजावलं:
पहारेकऱ्यांना पेंगायला लावतात,
परकं कुणी दिसलं तरी उठू नका म्हणून.
परकी म्हणजे सुकांती.
एका ताटात पेज जेवलो आम्ही,
ते रक्ताला ठाऊक नाही.
ती आत टिकावी म्हणून हे पेंगतात,
आणि पेंगता पेंगता
लशीनं शिकवलेलंही हातातून सांडतात.

"इतरांचा आकडा उतरला
तरी आठवण खाली कुठंतरी शिल्लक असते," डॉक्टर म्हणाले,
"वेळ आली की उठते.
तुमची आहे की नाही, सांगता येत नाही."
इतक्या सरळ म्हणाले
की मी आभार मानले.

जुन्या गोव्याला बस बदलून कुंभारजुव्यात उतरलो
तो घरी न जाता बांधावर गेलो.
पुनवेची भरती. बाहेर खारं पाणी हातभर चढलेलं,
आत कोरगुट भात पोटरीत आलेलं,
आणि मध्ये हा चिखल,
कुर्ल्यांनी ठिकठिकाणी पोखरलेला.
एक भोक करंगळीएवढं. बोट घालून पाहिलं. ओलं.

बांधाला काही आठवत नाही.
मी शाळेत असताना फुटला होता,
तीन वर्षं शेतात मीठ पिकलं,
त्याचं त्याला काही नाही.
आठवतं ते पुनोला, जो काठी घेऊन रोज फेरी मारतो,
आणि वहीला.

गेल्या सभेत दत्ताराम उठून म्हणाला,
माझं शेत वरच्या अंगाला, खारं पाणी तिथवर येतच नाही,
मी वर्गणी का देऊ?
कुणी उत्तर दिलं नाही. सुपारी कातरत बसले सगळे.
जाताना त्यानं पैसे टेबलावर ठेवले,
मोजून, रागानं.

शेजारची आवेलिनबाय परवा फ्लूची लस घेऊन आली.
मी विचारलं नव्हतं.
कुंपणापलीकडून बाही वर करून दंड दाखवला,
म्हणाली, तुझ्या खातीर दुखता हें,
आता मिरच्या वाळत घालायला तूच ये.

रात्री आठच्या गोळ्या घेतल्या.
सुकांतीचा फोन.
"किती आला?"
"सात."
"म्हणजे?"
"म्हणजे मंगळवारी पुन्हा टोचायचं. मग महिन्यानं. मग तपासायचं."
"आणि मग?"
मी वही मागं चाळत गेलो, उगाचच,
अकरा वर्षं,
एकाही वर्षी त्या रकान्यात शून्य नाही.
"मग बघू," म्हटलं.

ती थोडा वेळ गप्प.
"माझं बरं आहे ना तिथं?"
"बरं आहे."
"मग मशीन कधी पाठवतोस?"